समोरच्या दुकानाचा आवाज

३ एप्रिल, गुरुवार
आजपासून रोजनिशी. मोठे बिझनेसमन लिहितात असं ऐकलंय. आमच्या लोधीपुऱ्यात अजून कोणी लिहीत नसावं, म्हणजे इथेही मीच पहिला.
समोरच्या योगेंद्रचा साउंडबॉक्स सकाळी नऊपासून सुरू. "सौ रुपये प्राप्त हुए." "ढाई सौ रुपये प्राप्त हुए." आपण आपल्या दुकानात बसून दुसऱ्याची कमाई का ऐकायची? पाच वर्षांपूर्वी हाच योगेंद्र माझ्याकडून थर्माकोलच्या प्लेटा उधार नेत होता. आता कापडी पिशव्या, मातीचे कुल्हड, केळीच्या धाग्याच्या टोपल्या विकतो. दुकानाचं नाव 'हरित बाजार'. पेपरात फोटोसुद्धा आला. फोटो चांगला नव्हता.
बायको, मंगला, म्हणते तुम्हाला जळजळ होते. होते. ती ॲसिडिटी आहे.

४ एप्रिल, शुक्रवार
मीही तसला पैसे आले की बोलणारा डबा आणला. योगेंद्रच्या डब्यापेक्षा मोठा आवाज आहे का, हे तीनदा विचारून घेतलं.
दिवसभर डबा गप्प. माझा क्यूआर कोड उन्हाने पांढरा पडलाय, गिऱ्हाइकांचे मोबाइल तो वाचत नाहीत. चूक मोबाइलची. संध्याकाळी एका पोराने प्लास्टिकचे ग्लास नेले, तेव्हा डबा बोलला. "पंद्रह रुपये प्राप्त हुए." सगळ्या गल्लीने ऐकलं. योगेंद्र हसला. मोबाइलमध्ये बघून हसला असेल, पण तोंड माझ्या दुकानाकडे होतं.

७ एप्रिल, सोमवार
नवा क्यूआर लावला. शिवाय आयडिया सुचली. इतकी साधी की कोणालाच कशी सुचली नाही याचं नवल वाटतं.
मंगलाने मागच्या खोलीत बसून तिच्या मोबाइलवरून दुकानाला पाचशे पाठवायचे. डबा बोलला की मी तेच पाचशे तिला परत पाठवायचे. मग तिने पुन्हा मला. पैसे घरातले घरातच, आवाज मात्र गल्लीभर. मंगला म्हणाली, डोकं ठिकाणावर आहे ना? तिला म्हटलं, याला मार्केटिंग म्हणतात.

१० एप्रिल, गुरुवार
जबरदस्त. दिवसभर "पाँच सौ रुपये प्राप्त हुए." योगेंद्र दोनदा पायरीवर येऊन उभा राहिला. दुपारी तर स्वतः आला आणि म्हणाला, "क्या बात है विनायकभाऊ, पाचशेच्या खाली कोनी घेतच नाही राह्यलं तुमच्याकडून!" मी नुसतं हसलो. धंद्यातली गुपितं सांगायची नसतात. चहा त्याला पाजला, साखर कमी टाकायला लावली.
तो मनापासून खूश दिसत होता. हे त्याचं मला सगळ्यात जास्त खटकतं.
मंगलाचा अंगठा दुखतोय. ठरलं: उद्यापासून अधूनमधून सातशे. एकच आकडा संशयास्पद वाटतो.

१२ एप्रिल, शनिवार
इतिहास घडला! आनंदी मंगल कार्यालयाचे प्रभाकरशेठ योगेंद्रकडे आले होते. माझा डबा लागोपाठ बोलला आणि शेठ रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. म्हणाले, इथे तर भारी चालून राह्यलं.
आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या कार्यालयात एकामागोमाग तीन लग्नं. थर्माकोल बंद, प्लास्टिक बंद, आधीच एकदा दंड भरलाय त्यांनी. त्यांना पानाच्या पत्रावळी पाहिजेत. माल पसंत पडला तर वर्षभराची ऑर्डर. नाही पडला तर, "योगेंद्र आहेच."
हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं की आम्ही केळीच्या पानाच्या पत्रावळी स्वतःच बनवतो, पिढीजात. शेठ खूश. योगेंद्र समोरून बघत होता. सुखाचा दिवस.
ठरलं: पत्रावळी कशा बनवतात ते शोधायचं.

१५ एप्रिल, मंगळवार
इंदूरहून पत्रावळी दाबायचं मशीन मागवलं. मंगलाची भिशी या महिन्यात लागली होती. तिच्या मनात वरच्या खोलीवर पक्कं छत टाकायचं होतं. तिला समजावलं की छत काय, वर्षभराच्या ऑर्डरीत मजला चढेल. तिने भिशीचे पैसे दोनदा मोजून दिले. मग म्हणाली, हे बुडलं तं तुमची दुकान विकून छत टाकीन. गंमत करते.

१८ एप्रिल, शुक्रवार
बहादरपूरला कौतिक मेव्हण्याकडे गेलो. त्याची केळी जोरात आहे. पानं मागितली तर दचकला. "पानं कापली तं घड कसा भरीन, भाऊजी?" मग त्यानेच सांगितलं की घड उतरला की झाड असंही तोडून फेकतात, त्याची पानं पाहिजे तितकी न्या, बांधावरचा कचरा तरी कमी होईल.
म्हणजे कच्चा माल फुकट! योगेंद्र कुल्हड विकत आणतो. बिचारा.
येताना नव्या पांढऱ्या शर्टाला केळीचा चीक लागला. मंगला म्हणाली, शेतात पांढरा शर्ट घालून कोण जातं? कंपनीचा मालक जातो.

१९ एप्रिल, शनिवार
मशीन खराब निघालं. पत्रावळ दाबली की टर्रकन फाटते. कंपनीला फोन करून झापलं. ते म्हणाले, पान अगोदर जरा सुकू द्या, दोन पानं आडवी-उभी ठेवा. हे मशीनवर लिहायला नको? लिहिलं होतं म्हणे.
संध्याकाळी मंगलाने चार दाबल्या. चारही चांगल्या निघाल्या. मशीन दुपारपर्यंत गरम झालं नसावं.

२२ एप्रिल, मंगळवार
पत्रावळींचे ढीग लागले. मंगला बनवते, मी सुपरव्हिजन करतो.
दुपारपासून डबा गप्प. मंगला पाठवते, पैसे जात नाहीत. मेसेज आला: संशयास्पद व्यवहारांमुळे खातं होल्डवर. बँकेला एवढी वर्दळ झेपली नाही, दुसरं काय!

२३ एप्रिल, बुधवार
बँकेत गेलो. साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली आणि विचारलं, ये मंगलाजी कौन हैं? दिवसभर तुमच्याकडून पाचशेचं घेतात काय, आणि तुम्ही लगेच परत का करता? मी म्हटलं, पत्नी आहे. ते म्हणाले, तब तो और बताइए. लाइनीतले लोक पुढे सरकून ऐकायला लागले. मी सांगितलं, पसंत पडत नाही तिला, माल परत करते.
चौकशी होईपर्यंत थांबा म्हणाले. थांबलो. ठरलं: बँक बदलायची.

२५ एप्रिल, शुक्रवार
प्रभाकरशेठ ॲडव्हान्स द्यायला आले. माल बघून जाम खूश. कॅश देत नाहीत, सगळं ऑनलाइन. मी म्हटलं सर्व्हर डाउन आहे. शेठ म्हणाले, मग राहू द्या, एवढी मोठी ऑर्डर आहे, ज्याचं खातं चालू त्यालाच देतो.
एवढ्यात योगेंद्र स्वतःचा क्यूआर स्टँड उचलून रस्ता ओलांडून आला. "विनायकभाऊ, माझ्यावर घेऊन घ्या ना. संध्याकाळी तुम्हाला देऊन टाकतो." मी नाही म्हणणार होतो, पण आतून मंगला म्हणाली, घ्या.
शेठनी पैसे टाकले. रस्त्यापलीकडे त्याचा डबा ओरडला. इतका मोठा आकडा या गल्लीने कधी ऐकला नव्हता. माझी ऑर्डर, माझा माल, माझ्या बायकोचा अंगठा, आणि आवाज त्याच्या दुकानातून!
संध्याकाळी त्याने पैसे आणून दिले. सगळे. बुडवले असते तर निदान शिव्या देता आल्या असत्या. जेवलो नाही. आज जळजळ होती आणि ती ॲसिडिटी नव्हती.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी
तिन्ही लग्नं पार पडली. पत्रावळींनी वरण झेललं, आमरससुद्धा झेलला. मी पंगतीतून फिरत होतो. एका म्हाताऱ्याने रिकामी पत्रावळ उलटी करून बघितली आणि शेजाऱ्याला दाखवली. मीही शेजारची एक पत्रावळ उलटी करून बघितली. खोटं कशाला लिहू, दोनदा बघितली.
मग प्रभाकरशेठ माइकवर आले. म्हणाले, आजच्या सुंदर पत्रावळी हरित बाजारच्या योगेंद्रभाऊंच्या, पैसे पाठवले तेव्हा नाव बघितलं होतं मी, खातं ज्याचं माल त्याचाच. लग्नाला पाहुणा म्हणून आलेल्या योगेंद्रला स्टेजवर ओढलं. टॉवेल, टोपी, नारळ. टाळ्या.
योगेंद्र नाही नाही म्हणत होता. खाली उतरून सरळ माझ्याकडे आला, हात धरून मला शेठपुढे उभं केलं आणि म्हणाला, माल यांचा आहे, वहिनींच्या हातचा. शेठ हसून योगेंद्रला म्हणाले, "हां हां, समजलो. तुम्ही यांच्याकडून बनवून घेता." तेवढ्यात बँड सुरू झाला. योगेंद्र माझ्या कानात काही तरी सांगत होता, ऐकू आलं नाही. नारळ माझ्या हातात देत होता. घेतला नाही.

४ मे, रविवार
वर्षभराची ऑर्डर आली. योगेंद्रच्या नावावर. शेठना आता ना नाव बदलायचं, ना खातं.
योगेंद्र कागद घेऊन घरी आला. नाव बदला म्हणून त्याने शेठना दोनदा फोन केला होता म्हणे. त्याचं म्हणणं, वहिनींनी बनवावं, त्याने विकावं, नफा अर्धा-अर्धा. मी म्हटलं, विचार करून सांगतो. मंगलाने विचारलं, यात विचार काय करायचा? भिशी माझी, मशीन माझं. तिने त्याला हो सांगून टाकलं. छताचा मिस्त्री उद्या माप घ्यायला येणार.
ठरलं: काही नाही.

६ मे, मंगळवार
बँकेने खातं मोकळं केलं. डबा चालू करून ठेवला. बोलला नाही.
दुपारी शाहपूरची एक बाई लेकीच्या साखरपुड्यासाठी पत्रावळी बघत आली. पायरीवरूनच तिने विचारलं, "दादा, योगेंद्रभाऊची दुसरी दुकान हीच हाये का?" आत मशीनचा आवाज थांबला. मंगला ऐकत असावी.
मी हो म्हटलं.