ड्रायव्हरचं ताट

मंदा,

सकाळच्या एसटीने जळगावला जातोय. तू शाळेतून येशील तेव्हा मी घरी नसेन.

अभिमनने अक्कासाठी पाठवलेली फ्लॉपी अजून मुकीच आहे. इथला दुकानदार म्हणतो, मी मुंबईहून आणलेलं आवाजाचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं, आपला नवा कॉम्प्युटर त्याला ओळखत नाही. ती ओळख करून देणारा ड्रायव्हर जळगावला मिळेल. फ्लॉपीत अभिमनचं बोलणं अर्धं मिनिटसुद्धा नसेल. पण फोन केला की आबा पोटच्या पोराचा आवाज ऐकून रिसीव्हर खाली ठेवतात, मग तो दुसरं काय करणार? आबांनी विचारलं तर मी जामनेरला गेलोय म्हण.

अक्काचा मात्र घोळ झालाय. "ड्रायव्हर आणायला चाललो" एवढंच तिने ऐकलं आणि गाडीवाला माणूस येणार असं धरून बसली. तो माणूस नसतो, तीही एक फ्लॉपीच असते, हे मी सांगणार होतो. तोवर तिने त्याच्यासाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करून ताट झाकून ठेवलं होतं. मग माझ्या खोलीच्या दारापर्यंत आली आणि आबांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "त्या डायवरले सांगजो, येवाना टाईमले मना अभिमनले बी गाडीमा बसाडी लई ये."

मी बरं म्हणालो.

ते ताट उचलू नकोस.

देवचंद