उपवासाला न चालणारी गोळी

२२ सप्टें., सोम. पहिली माळ
घट बसले. पाटावर यंदा हे. गेल्या वर्षापर्यंत थोरले दीर, दादा बसायचे. गेल्या नवरात्रात पाचव्या माळेला आरतीला उठले आणि तिथंच कोसळले. बीपी वाढून मेंदूत रक्तस्राव. 'देवीनं पायाशी घेतलं', नळदुर्गभर झालं. उपवास म्हणून त्यांनी बीपीची गोळी बंद केली होती, हे घरात कुणी बोलत नाही. मीही नाही.
आज यांनीही बंद केली. "गोळी जेवणावर असती. जेवणच न्हाय तर घ्यायची कशावर?" दादांचेच शब्द.

२३, मंगळ.
दवाखान्यात विचारून आले. डॉक्टर म्हणाले, यांची गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर चालते, आपल्या मनानं बंद करायची नाही. घरी सांगितलं. "डॉक्टरला उपवासातलं काय कळतंय?" झालं. बटाट्याच्या भाजीवर वरून सैंधव भुरभुरून घेतलं. म्हणे उपवासाला चालतं. मीठ ते मीठच की.

२४, बुध.
पाऊस. यांना बीपीचं मशीन लावलं. आधी जरा टेकून बसा, बोलू नका, म्हटलं. बसले आणि मान चोळायला लागले. दादा अशीच चोळायचे. मी भिंतीकडं बघत राहिले. १६८-१०२. थोड्या वेळानं परत लावलं, तेवढंच.
"डोकं दुखत न्हाय, चक्कर न्हाय. मशीन बी तुझ्यासारखंच भित्रं हाय." हसले. मला कुठलं हसू.

२५, गुरु. चौथी माळ
पाठमोरे बसले होते, खांद्यावर उपरणं. दादाच. हातातलं ताट सुटलं. वळून "काय झालं गं?" म्हणाले, तरी चेहरा क्षणभर यांचा वाटेना. देवघरात पाय टाकायची भीती वाटते. नवरात्रात असं लिहू नये, पण वाटते.
अक्कांना धरलं शेवटी. दादांची बायको, माझी जाऊ. म्हटलं, खरं काय झालं ते तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील. त्या वाती वळत राहिल्या. मग म्हणाल्या, "देवीनं नेलेल्याची बायको म्हणून बाया माझ्या पाया पडत्यात गं. तेवढंच राहिलंय माझ्यापाशी."
माझीच मला लाज वाटली.

२६, शुक्र. पाचवी माळ
सकाळी १७८-१०६. डॉक्टरांना फोन. लगेच घेऊन या म्हणाले. हे पाटावरून हलेनात. "दादाचं अर्धं राहिलेलं नवरात्र म्या पुरं करणार." रडले, ओरडले, उपयोग शून्य. दादा तिथंच कुठंतरी उभे आहेत, असं सारखं...
आरतीच्या आधी अक्का आल्या. तांब्या ठेवला, गोळी यांच्या तळहातावर. "भावजी, त्यांला देवीनं न्हाय नेलं. गोळी सोडली म्हणून गेले. देवीवर नका घालू." आवाज चढवला नाही.
हे तसेच बसलेत. गोळी तोंडात घालत नाहीत, खालीही ठेवत नाहीत. माळ बांधायची राहिली आहे.
अक्का उंबऱ्यावर जाऊन बसल्या. मी जवळ गेले तर माझा हात धरला.
"आता बाया आल्या तर त्यांला काय सांगू गं?"