विहिरीकडून पहिला पट्टा

१४ जानेवारी २०२५

सकाळी मिथुनचा फोन. बोरगावचा नवा कृषी सहायक. "मॅडम, गव्हाचा शेतदिन ठेवून राह्यलो. १२ फेब्रुवारी. तुम्ही पाहुण्या!"

म्हटलं, हार नको, शाल नको, भाषण दहा मिनिटं. आणि शिवार फेरी आधी, जेवण नंतर. आधी जेवू घातलं की कास्तकार झाडाखाली लवंडतात.

"हो मॅडम, हो मॅडम." बहुतेक लिहूनही घेत होता.

फोन ठेवला आणि तिळगुळाचा पाक करपला. चूक माझीच. मन सरकारी फार्मवरच्या जुन्या शेतदिनांत. जीपवर भोंगा, कागदी पताका, मोठ्या गंजात चहा. आणि ते म्हातारे कास्तकार! माझं व्याख्यान एका कानानं ऐकत. हात मात्र गव्हात. ओंबी खुडायची, तळव्यावर चोळायची, एक फुंकर, दाणे तोंडात. मग एकमेकांकडे बघायचं. निकाल तिथेच लागायचा. उरलेल्या ओंब्या दुपारी बांधावर भाजून खायच्या. दोन वर्षं झाली निवृत्तीला, भाजलेल्या ओंब्या खाल्ल्याच नाहीत.

१७ जानेवारी

वरोऱ्याहून एसटीनं बोरगावला. शेत आधी पाहिल्याशिवाय मी बोलत नाही.

शेत चंदा नावाच्या बाईचं. पन्नाशीची असेल. धान कापून त्याच वावरात विहिरीपासून चार वाणांचे चार पट्टे. पेरणी उशिराची, तरी पीक एकसारखं. बांध झाडल्यासारखा स्वच्छ. मला बाई आवडली.

निघताना म्हणाली, "बाई, तुम्ही ओळखलं नाई मले. वारलूची पोरगी मी. फार्मवरच्या वारलूची."

मी म्हटलं, "असं का. पाणी वेळेवर द्या." आणि चालायला लागले.

१८ जानेवारी

वारलू जिवंत आहे.

२१ जानेवारी

ट्रंक उपसली. १९९१ ची रोजनिशी सापडली.

नीट लिहिते. मी नवी होते. बी.एस्सी. होऊन चौथं वर्ष. फार्मवर गव्हाच्या चार वाणांचे चार पट्टे माझ्या हातचे. एक नंबरचा वाण वेळेवर पेरायचा, भरपूर पाण्याचा. चार नंबरचा उशिरा पेरला तरी साधणारा. आमच्याकडे धान निघून गहू पडेपर्यंत डिसेंबर उजाडतो, म्हणजे खरं काम चार नंबरचंच.

पाट्या शेतात ठेवायची सोय नव्हती. जनावरं अंग घासून पाडत, नाहीतर लाकूड म्हणून कुणीतरी नेई. म्हणून शेतदिनाच्या पहाटे लावायच्या. मला पाहुणे आणायला जायचं होतं. मी चार चौकोनांचा नकाशा काढला, आकडे घातले आणि वारलूच्या हातात दिला. वारलू म्हणजे रोजंदार. मूळ काम तलावावरच्या मासेमारीचं, हिवाळ्यात फार्मवर. आकडे तेवढे ओळखायचा.

पाट्या उलट्या लागल्या. चारच्या जागी एक, एकच्या जागी चार. मी शंभर माणसं फिरवली आणि पाट्या वाचत बोलले. लोकांनी भरदार गहू पाहिला, त्यावरचं नाव लिहून घेतलं, पुढच्या हंगामात त्या नावाचं बी आणून डिसेंबरात पेरलं. मार्चच्या उन्हात दाणा सुकून जिरं झाला. मग लोक मुठीत तो गहू घेऊन ऑफिसात.

मी नोंदी पाहिल्या आणि सगळ्यांसमोर सांगितलं — "वारलूनं पाट्या उलट्या लावल्या."

तो इतकंच म्हणाला, "तुम्ही देल्लं तसंच लावलं, बाई."

मी म्हटलं, "वर तोंड करून बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशीपासून त्याला कामावर घेतलं नाही. साहेबांनी मला विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं.

आज त्या वहीत माझ्याकडची नकाशाची नक्कल आहे. चार चौकोन, चार आकडे. दिशा नाही!

२२ जानेवारी

टेबलावर चार वाट्या मांडल्या. मी नकाशा काढला तेव्हा फार्मवरच्या विहिरीकडे उभी होते. तिकडून एक, दोन, तीन, चार. वारलू यायचा रस्त्याकडून. टेबलाला वळसा घालून पलीकडे गेले. तिकडून पहिली वाटी चौथी.

त्याला दिलेल्या कागदावर मी दिशा लिहिली असेल. ही फक्त नक्कल आहे. लिहिली असेलच. मी अशी कामं अर्धवट करत नाही.

आणि समजा नसेल लिहिली, तरी वाण मला ओंबीवरून ओळखता यायला हवा होता. त्या म्हाताऱ्यांनी ओंब्या पाहिल्या. मी पाट्या.

२९ जानेवारी

मिथुन पाट्यांचा नमुना दाखवायला आला. गुळगुळीत, रंगीत, एका कोपऱ्यात माझा फोटो. विचारलं, कुठल्या बाजूनं लावणार?

"मॅडम, टेन्शन नका घेऊ, क्यूआर कोड आहे ना! मोबाईल धरला की सगळी माहिती."

"आणि पाटीच चुकीच्या पट्ट्यात लागली तर? मोबाईल ओंबी चोळून बघणार आहे?"

त्यानं मोबाईल खिशात घातला. पाटीवरचा माझा फोटो काढून टाकायला लावला.

५ फेब्रुवारी

गेले. बोरगावच्या तलावाच्या पाळीवर वारलू जाळं विणत बसला होता. सत्तरी ओलांडली. बोटं तशीच चपळ.

"या बाई. गव्हाची तब्येत पाहाले आल्या का माही?"

"दोन्ही."

हसला. दात तीनच उरलेत. "गहू बरा आहे. माह्या जागी आता मासेच बिमार पडते."

म्हटलं, शेतदिनाला ये.

"नाई बाई. जिथी पाट्या, तिथी माह्यं काम नाई." जाळ्यावरून नजर न उचलता. चंदा मागून म्हणाली, "बा कधीच नाई येत. माह्या स्वतःच्या वावरात शेतदिन, अन् हा इथी मासोळ्या मोजत बसते."

सरळ विचारलं. तो कागद आठवतो?

"आठवाचं काय त्यात? आहे ना."

पाळीखालच्या घरात गेला. रेशनकार्डाच्या पिशवीतून पुठ्ठा काढून आणला. त्यावर माझा कागद, भाताच्या खळीनं चिकटवलेला. फाटू नये म्हणून. चार चौकोन, चार आकडे. दिशा नाही. माझ्या वहीत आहे तसाच.

"तेव्हा दाखवला का नाहीस?"

"तुम्ही मागतला काऊन नाई?"

  तलावात एक पाणडुबी दोनदा बुडून वर आली. मी म्हटलं, "चूक माझी होती, वारलूभाऊ." भाऊ कधी म्हटलं नव्हतं त्याला.

"हाव," तो म्हणाला. "मले माहीत आहे. लोकाइले नाई माहीत."

पुठ्ठा माझ्या हातात दिला. "ठेवा आता तुमच्यापाशी. लय वर्सं सांभाळला."

८ फेब्रुवारी

लोकांसमोर सांगायचं. ठरलं. सकाळपासून तीनदा ठरलं, दोनदा मोडलं.

११ फेब्रुवारी

मिथुनला फोन. पाट्या माझ्यासमोर लागतील. सकाळी सात. मी विहिरीकडून येईन.

१२ फेब्रुवारी

मांडव भरला होता. बाया पुढे! आमच्या वेळी कुंपणाशी उभ्या असत.

दहा मिनिटं ठरली होती, तीन पुरली. १९९१ चं सगळं सांगितलं. नकाशा मी काढला, दिशा मी लिहिली नाही, बोल वारलूभाऊला लावला, त्याचं काम मी घालवलं. पुठ्ठा वर धरून दाखवला.  

 मग मागून म्हातारा गोपाल उठला. तेव्हा मुठीत गहू घेऊन आलेल्यांतला.

"बाई, त्या साली माह्या घरी जिऱ्यावानी गव्हाच्या पोळ्या खाल्ल्या आम्ही! तेहतीस वर्सं या वारलूले मी शिव्या देल्ल्या. आता त्या शिव्या कोणाकडून वापस घेऊ?"

हशा. मीही हसले, पण त्याची नजर हसत नव्हती. बरोबरच होतं ते.

वारलू मांडवात नव्हता. पलीकडच्या बांधावर उभा होता, टोपी हातात. गोपालच गेला त्याच्याकडे. काय बोलले ऐकू आलं नाही. गोपालनं त्याच्या दंडाला धरून आणलं, जावयाला आणावं तसं.

मी मिथुनला म्हटलं, फेरी वारलूभाऊ काढतील.

पाट्यांकडे त्यानं पाहिलंच नाही. पहिल्या पट्ट्यात शिरला, ओंबी खुडली, चोळली, फुंकली, दाणा दाताखाली. "हा अजून चिकात आहे, दाणा भरला नाई. उन्हात मरन." चौथ्यापाशी थांबला. "हा. धानामागं हाच." मग मी पाटी पाहिली. चार नंबर.

दुपारी ओंब्या भाजल्या. चंदानं पहिली मूठ बापाला दिली, दुसरी मला. तोंड काळं झालं. चव तीच.

१५ फेब्रुवारी

शांत वाटतं. पुष्कळ वर्षांनी. कपाट आवरलं, भाजी निवडली.

१६ फेब्रुवारी

पुठ्ठा उन्हात ठेवला होता. जुनी खळ तडकून कागद आपोआप सुटला.

मागच्या बाजूला निळी शाई. अक्षर माझं. "विहिरीकडून पहिला पट्टा. रस्त्याकडून नाही."

लिहिलं होतं मी! क्षणभर उठून मिथुनला फोन लावणार होते. गोपालला सांगणार होते. सगळ्यांना.

मग बसले. हजेरीपटावर रोज संध्याकाळी सहीच्या जागी वारलूचा अंगठा मीच घेत होते.