इथे सारस नाही

३ ऑगस्ट
(गावाचं नाव मुद्दाम लिहिलो नाही.)

चि. रेणूले मोठेबाबाचे पोटभर आशीर्वाद.

फोन बंद आहे म्हणून घाबरू नोको. मीच बंद करून धानाच्या कोठीत टाकलो. चिठ्ठी पाहून हासू बी नोको.

तू धानाच्या रोवण्याले आलतीस तेव्हा आपल्या खालच्या बांधीत सारसाची जोडी गवत जमा करून राहिली होती. आता तिथं दोन अंडे आहेत. आणि परवापासून नागपूरच्या गाड्या येऊन राहिल्या. एकाचा कॅमेरा तं हातभर लांब. काल एकानं ड्रोन उडवला, बसलेला सारस उठला तो अर्धा घंटा आलाच नाही. अंडे थंडे झाले तं संपलं सारं.

मी तं कोणालेच सांगितलो नाही. मोबाइल दुकानवाला ओमेश म्हणते का फोन सगळं ऐकते. मी तुझ्या मोठीमायजवळ दोनदा सारसाचं नाव काढलो, तं फोन मले दुर्बिणीची जाहिरात दाखवाले लागला. तू शिकलेली आहेस. खरं काय ते लिहजो. तुझ्यावर शंका नाही.

तुझा,
केवळराम

---

नागपूर, ९ ऑगस्ट

ती. मोठेबाबांना, शि. सा. न. वि. वि.

शंका घ्या. मीच ती.

सारस गवत रचतानाची रील मी टाकली होती. गावाचं नाव दिलं नव्हतं, लोकेशन बंद होतं. या बाबतीत मैत्रिणींना लेक्चर देणारी मुलगी आहे मी. पण मागे विजेची डीपी दिसत होती आणि तिच्या पेटीवर गावाचं नाव रंगवलेलं. कोणीतरी ते मोठं करून वाचलं. मी रील डिलीट केली, तोवर चार पेजेसनी उचलली होती. एकानं तर त्यावर रडकं गाणं लावलं.

फोन ऐकतो का? खरं सांगू, मला माहीत नाही. आमच्या वर्गात यावर दोन तास भांडण झालं. अर्धे म्हणाले ऐकतो. अर्धे म्हणाले, त्याला ऐकायची गरजच काय, आपणच सगळं लिहून देतो. मला दोन्ही पटलं. मी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर टिकली चिकटवते आणि त्याच लॅपटॉपवरून मेसच्या भाजीचा फोटो टाकते.

रील नव्वद हजार लोकांनी पाहिली तेव्हा मी खोलीत नाचले होते. आता लाज वाटते. पण तो आनंदही खोटा नव्हता, त्याचं काय करू?

रागवा, पण बोलणं बंद करू नका.
रेणू

---

१६ ऑगस्ट

चि. रेणू, आ.

रागावलो. मंग तुझी मोठीमाय म्हणे, पोरीले कायले बोलता, तुम्ही तेरवीच्या जेवणाचे फोटो स्टेटसले ठेवता ते? म्हणून अर्धाच राग ठेवलो.

इलाज बी केलो. बांधीच्या कडेले धुऱ्यावर बोर्ड लावलो, लाल पेंटनं: 'इथे सारस नाही. परत जावे.' पहिल्या दिवशी तीन पोरं खरंच परत गेले. पण जाताना बोर्डाचा फोटो काढून गेले. आता लोकं बोर्ड पाहाले येऊन राहिले! बोर्डासंग सेल्फी घेतेत न् मंग मलेच विचारतेत, काका, सारस कुठं आहे? मले काहीच समजून नाही राहिलं. नाही लिहिलं आहे नं बाप्पा, आणखी काय लिहू?

सारस आता दिवसातून चारदा उठते. तू बिघडवलीस, तूच सांग. लवकर.

केवळराम

---

नागपूर, २३ ऑगस्ट

ती. मोठेबाबा, सा. न.

घाईत एक गोष्ट केली, तुम्हाला न विचारता. खोट्या नावाचं अकाउंट काढून लिहिलं की त्या बांधीतली अंडी फुटली, जोडी निघून गेली.

लोकांनी विश्वास ठेवला. आता कोणी येणार नाही. पण अंडी कशानं फुटली हे मी लिहिलं नव्हतं, ते त्यांनीच ठरवलं: शेतकऱ्यानं फोडली. तुमचा बोर्ड पुरावा म्हणून फिरतोय. कोणीतरी तुमचा फोटोही टाकलाय, पांढरी टोपी, हातात पेंटचा डबा. खाली काय काय लिहिलंय ते मी इथे लिहू शकत नाही.

नव्वद हजारांना खरं दाखवलं तर अंडी धोक्यात आली. आता खोटं लिहिलं तर तुम्ही. डोकं चालत नाही. खरं सांगून टाकू का? तुम्ही म्हणाल ते करते.

तुमचीच (अजून म्हणत असाल तर),
रेणू

---

२ सप्टेंबर

चि. रेणूले लई लई आशीर्वाद.

काही सांगू नोको.

गाड्या बंद झाल्या. बोर्ड काढून टाकलो. गावात मातर पोहोचलं ते. चहाच्या टपरीवर परवा केशोरीचा एक जण विचारते, काऊन केवळराम, दोन्हीचं आमलेट केलास का एकाचंच? सगळे हासले. तुझी मोठीमाय भांडाले निघाली होती, तिले घरी बसवलो. मले वाईट नाही वाटलं असं नाही. साठ वर्षांत कोणी मले असं बोललं नव्हतं.

काल सकाळी पहिलं पिल्लू निघालं. बदामी रंगाचं, पाय लटपट करत पाण्यात उतरलं. आज दुसरं. त्यायची माय समोर, बाप मागं, आणि मी धुऱ्यावर बसून, फोन कोठीतच.

उडाले त्यायले तीन महिने लागतेत. डिसेंबरपर्यंत अंडे मीच फोडलो, असंच राहू दे.

चिठ्ठी वाचून फाडजो.

तुझाच,
मोठेबाबा