पाचवी खूण

प्रिय ट्रेसा,

चौदा जानेवारीच्या शनिवारी, बास्केटबॉलचा सामना संपायला तीन मिनिटं उरली असताना, तुझी पेन्सिल माझ्या आडनावापुढच्या पाचव्या चौकटीत टेकली आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं. हे वाक्य गेले आठ आठवडे माझ्या डोक्यात घोळतंय. आधी त्यात दोष तुझा होता. मग रेफरीचा झाला, मग कोच गुंडलाखचा. आज सकाळपासून तो कोणाचा आहे ते मला कळलंय, आणि म्हणून हे पत्र. तू परत माझ्याशी बोलशील की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. पण तो असा सरळ विचारायची माझी लायकी नाही, तेव्हा जरा लांबून येतो. कंटाळू नकोस.

मी अजून गावातच आहे, हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत. दिवसभर धान्याच्या कोठारावर असतो. ट्रक येतात, मी शिडीवर चढून त्यातला मूठभर मका काढतो आणि त्याचा ओलावा मोजतो. दुपारी उन्हाचा पट्टा आत येतो, त्यात मक्याची धूळ अशी तरंगत राहते की बघता बघता मी कुठे आहे तेच विसरतो. मग त्या धुळीतून आपला हॉल दिसायला लागतो. उंचावरच्या पिवळट खिडक्या, बाहेर बर्फ, आत नऊशे माणसांच्या ओल्या कोटांचा वास. आणि मैदानाच्या कडेला, मधल्या रेषेसमोर, गुण-फाउल लिहायच्या लांब टेबलाशी, तू. केसांना पिवळं रबर लावलेलं, वही तिरकी धरलेली, पेन्सिलचं टोक ओठाला लावून थांबलेली. कोठारावरचा फोरमन ओरडतो, "हेकमन, अरे मका मोजतोयस का ढग?" आणि मी शिडीवर परत येतो.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. बास्केट पडली की बाकीचे पोरगे प्रेक्षकांकडे बघायचे, मी तुझ्याकडे बघायचो. चेंडू जाळीतून खाली येईपर्यंत तुझी पेन्सिल निघालेली असायची. वॉर्डली कॉलेजच्या वहीत, तुझ्या अक्षरात माझं आडनाव पडावं आणि त्याच्यापुढे खुणा वाढत जाव्यात, एवढ्यासाठी मी धावत होतो म्हटलं तर तू हसशील. हस. ऑक्टोबरात, मोसमाआधीच्या अंदाजात, सगळ्या कोचांनी मिळून आपल्याला दहा संघांत दुसरा नंबर दिला, तेव्हा गावात पाण्याच्या टाकीवरही बॅनर लागला. पेपरवाल्यानं लिहिलं की बत्तीस वर्षांनी अजिंक्यपद आणणारं हे आपलं साल आहे, आणि खाली माझा फोटो. मला त्या फोटोपेक्षा त्याच दिवसाची दुसरी गोष्ट आठवते. तू माझ्याकडून चार पेन्सिली टोकदार करून घेतल्यास आणि म्हणालीस, "मोसम मोठा आहे, ब्रॉडी. टोक जपून वापरायचं असतं." मी समजलो, पेन्सिलींबद्दल बोलतेयस.

त्या शनिवारी ती शेवटची शिट्टी धरूनही माझ्या हिशेबानं माझे चारच फाउल होते. पाचव्याला खेळाडू बाहेर, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. शिट्टी वाजली, रेफरीनं टेबलाकडे वळून माझा नंबर दाखवला, आणि तू लिहिलंस. मी तुझ्याकडे बघत राहिलो. मला वाटलं तू मान वर करशील, काहीतरी चुकलंय म्हणशील, निदान थोडा वेळ लावशील. तू वेळ लावला नाहीस. पाच बोटं दाखवलीस आणि भोंगा वाजला. मग मी खुर्ची लाथाडली, टेबलावर हात आपटला, आणि सगळ्या गावासमोर म्हणालो, "तुला मन नाही, नुसती पेन्सिल आहे." तुझा चेहरा पांढरा पडला. तुझी वही खाली पडली होती, ती कोणीतरी उचलली. मी उचलली नाही. मी हॉलच्या दारातून खेळाच्या चड्डी-बनियनवर तसाच बर्फात चालत गेलो, आणि सोमवारी कॉलेजच्या ऑफिसात नाव काढून आलो. आपण तो सामना दोन गुणांनी हरलो.

तोवर दहा जिंकले होते आणि तो धरून पाच हरले. त्यापुढचे सगळे सामने मी रेडिओवर ऐकले. शनिवारी दुपारी कोठारावर शुकशुकाट असतो, मी ट्रकमध्ये बसून काचा बंद करायचो. आणि आता खरं सांगतो, ट्रेसा, हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. आपण हरलो की मला आतून गोड लागायचं. वाटायचं, बघा, मी नाही म्हणून हरताय. पोस्टातली मिसेस डोल्ब माझ्याकडे पाकीट असं सरकवायची, जणू त्याला शेण लागलंय. चर्चच्या पायरीवर एकजण दुसऱ्याला मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "एका माणसाच्या डोक्यानं अख्खा मोसम बुडाला." मी खाली मान घालून पुढे गेलो, पण आत कुठेतरी ताठ होऊन. निदान मोसम बुडवण्याएवढा तरी मी मोठा होतो. तेरा सामन्यांत सात पराभव. ते सात मी दागिने घातल्यासारखे अंगावर मिरवत होतो. दुसरा नंबर अपेक्षित होता, सहावा आला. सोळा जिंकले, बारा हरले. त्या दुसऱ्या आणि सहाव्यामधल्या खड्ड्यात मी आडवा झोपून राहिलो होतो, आणि ती जागा मला ऊबदार वाटायला लागली होती.

आज सकाळी हर्शेलच्या सलूनमध्ये बरणी उघडली. तू लायब्ररीत कामावर होतीस म्हणून तुला कळलं नसेल काय झालं ते. म्हणजे एव्हाना कळलंही असेल, या गावात शिंक सुद्धा तीन घरं फिरून येते. तरी माझ्याकडून ऐक.

मी जाणार नव्हतो. पण नोव्हेंबरात मी एक गाढवपणा करून ठेवला होता आणि तो आज बाहेर येणार हे मला माहीत होतं. बरणीचा नियम तुला ठाऊक आहे. पहिल्या सामन्याआधी गावानं लोणच्याच्या त्या बरणीत चिठ्ठ्या टाकायच्या, किती जिंकणार तो आकडा आणि खाली एक ओळ. खेळाडूंनी आणि कोचांनी टाकायची नाही. कोचांच्या यादीतही कोणी स्वतःच्या संघाला नंबर देत नाही, तसंच. "आपला तो बाब्या होतो आणि दुसऱ्याचं ते कार्टं," असं हर्शेल दरवर्षी बजावतो. मी तरीही टाकली होती, खोट्या नावानं. मागच्या खुर्चीवर बसलो, टोपी कपाळावर ओढून. पुढच्या खुर्चीत कोणीतरी तोंडभर फेस लावून पडलं होतं.

हर्शेलचा नेम असा की सगळ्यात चुकलेली चिठ्ठी आधी वाचायची. त्यानं चष्मा चढवला. "अठ्ठावीस जिंकणार, शून्य हरणार. खाली लिहिलंय, आमच्या हेकमनला कोणी अडवू शकत नाही. सही, बिस्किट." सलून हसून कोसळलं. बिस्किट म्हणजे हर्शेलचा म्हातारा कुत्रा, तो हीटरपाशी झोपला होता. "हर्शेल, तुझ्या कुत्र्याला लिहिता कधीपासून यायला लागलं?" "तुझ्या पोरापेक्षा अक्षर बरं आहे त्याचं!" "नियम म्हणजे नियम, कुत्र्याचं डोकं भादरा!" जो सगळ्यात जास्त चुकेल त्याचं डोकं भादरायचं, हा गावाचा नियम. मिसेस डोल्बनं पंचवीस लिहिले होते, ती स्वतःचे केस वाचले म्हणून बिस्किटला थोपटायला लागली. माझे कान टोपीखाली भाजत होते.

मग बाकीच्या चिठ्ठ्या झाल्या. चोवीस, बावीस, तेवीस, बावीस. सगळं गाव ऑक्टोबरात तरंगत होतं, आणि आज एकेक आकडा ऐकताना लोक स्वतःलाच हसत होते. शेवटी सगळ्यात जवळची. हर्शेलनं आकडा वाचला, "सोळा," आणि कोणीतरी शीळ घातली. अगदी बरोबर. सही तुझी.

ट्रेसा, मला आधी राग आला. सवयीचा आहे ना. वाटलं, हिनं नोव्हेंबरातच ओळखलं होतं तर, हा पोरगा मध्येच पळणार आणि संघ बसणार. हर्शेल पुढे वाचत होता. "जानेवारीनंतर नऊ सामने बाहेरगावी आहेत, आणि आपल्या पोरांना बसमध्ये झोप येत नाही." लोक हसले. एकजण म्हणाला, "ही पोरगी कोच व्हायला हवी होती." हर्शेलनं पुढची ओळ सुरू केली, "ब्रॉडी," आणि थांबला. त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं मी कुठे बसलोय. उठून आला आणि चिठ्ठी माझ्या हातात दिली.

तुझं अक्षर मी डोळे मिटून ओळखीन. "ब्रॉडी शेवटच्या सामन्यापर्यंत राहील. भांडेल, पण राहील."

मी ते किती वेळा वाचलं माहीत नाही. आधी कळलं ते हे, की सोळाचा आकडा तू मला धरून काढला होतास. मी असतो तरी सोळाच. म्हणजे मी मोसम बुडवलेलाच नाही. मोसम होता तेवढाच होता, फुगवून ठेवला होता आम्ही सगळ्यांनी. माझ्या अंगावरचे ते सात दागिने एकेक करून गळून पडले, आणि गंमत म्हणजे सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी मला उघडं पडल्यासारखं वाटलं. गावानं माझ्याकडून केवढं मागितलं होतं! बावीस विजय, पंचवीस विजय, बत्तीस वर्षांचं उट्टं. ते न देणं सोपं होतं, त्यात ऐटसुद्धा होती. तू एकटीनं एवढंसंच मागितलं होतंस. राहा, म्हणून. आणि तुझ्या अख्ख्या चिठ्ठीत चुकलेली ओळ ती एकच.

तेवढ्यात हर्शेल केस भादरायचं मशीन हातात घेऊन म्हणाला, "चला, आणा त्या कुत्र्याला." बिस्किटनं एक डोळा उघडला. आणि माझा हात वर गेला.

कोचनं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, शिट्टी तुमच्यावर वाजली की हात वर करायचा. खरं-खोटं नंतर. आताशा कोणी करत नाही, त्यांच्या वेळची रीत आहे, पण वॉर्डलीची पोरं करतात. चौदा जानेवारीला मी केला नव्हता. आज केला, सरळ, कोपर न वाकवता. "ती चिठ्ठी माझी आहे," मी म्हणालो. कोणी हसलं नाही. पुढच्या खुर्चीतला फेस हलला आणि त्यातून कोच गुंडलाखचा आवाज आला, "आठ आठवडे उशीर झाला, हेकमन. तरी धरतो."

माझं डोकं आता चेंडूसारखं आहे. मिसेस डोल्बनं केस झाडून काढले आणि माझ्या टाळूवरून एकदा हात फिरवला, बिस्किटवरून फिरवला तसाच. मी कोचना विचारलं, उन्हाळ्यात परत नाव घालता येईल का. फेस पुसत ते म्हणाले, "संध्याकाळी सहाला हॉलमध्ये मोसम संपल्याचं जेवण आहे. ये. पण माझी माफी मागायला येऊ नकोस, खुर्ची कॉलेजची होती, तिला काही वाटत नाही. वही ज्या पोरीची पडली तिला आधी विचार. ती नको म्हणाली तर मीही नको म्हणतो."

तर हे पत्र त्यासाठी आहे. कोचनी सांगितलं म्हणून लिहायला बसलो, पण आता शेवटी आल्यावर वाटतं की त्यांनी सांगितलं नसतं तरी लिहिलंच असतं. माझे फाउल पाचच होते. मी आज सगळा सामना मनात पहिल्यापासून खेळून पाहिला आणि विसरलेला सापडला, पहिल्या अर्ध्यातला, डाव्या कोपऱ्यातला, हलकासा. तू तो लिहिला होतास. माझ्यावर सगळ्यात जास्त जीव असलेल्या माणसानं तो लिहिला होता, असं म्हणायचा मोह होतोय, पण नोव्हेंबरातली चिठ्ठी मार्चमध्ये किती खरी असते मला माहीत नाही, म्हणून म्हणत नाही. माझ्या बाजूचं तेवढं म्हणतो. माझा तुझ्यावर जीव आहे. तू 'पाच' दाखवलेस तेव्हाही होता, म्हणून तर एवढा चिडलो. हे पत्र आणि तुझी चिठ्ठी तुझ्या दाराच्या फटीतून आत सरकवीन आणि हॉलच्या पायऱ्यांवर बसेन. जेवणात मोसमाचे आकडे वाचायला तू वही घेऊन येशील तेव्हा मला काही बोलू नकोस. आत जाताना ते चौदा जानेवारीचं पान उघडून माझ्यापुढे धरलंस तर मी तुझ्यामागून आत येईन. नाही धरलंस तर उठून निघून जाईन, आणि या वेळी वाटेत काही लाथाडणार नाही. साडेचार झालेत. खिडकीबाहेर बर्फ वितळून पन्हाळीतून टपटपतंय, कोणीतरी लांब एकटंच चेंडू आपटत असल्यासारखं. टोपी खुंटीवर राहू दे. पाकीट बंद करायचं, जिना उतरायच्या आधी दार ओढून घ्यायचं, आणि हळू ओढायचं.

भांडलेला, न राहिलेला, तरी तुझाच,
ब्रॉडी