आधी वजन, मग ‘झालं’

प्रिय अक्का,

जय भीम. तू गेल्यापासून तुला लिहायचं टाळत होते. आज बसले, कारण उद्या सकाळी बारामतीच्या दूध केंद्रावर तू लिहिलेला वजन-पावतीचा प्रोग्रॅम शेवटचा चालवून बघणार आहेत. पुन्हा कोसळला तर कायमचा काढणार.

मॅनेजरसाहेब तोंडावर म्हणाले, “बाई गेल्या, प्रोग्रॅमही गेला समजा.” असा राग आला मला! पण रोज सकाळी कोसळत होता हे खरंच. माणसं दूध घेऊन रांगेत आणि पडदा काळा.

नवं मशिन आलं, तुझं लिहिलेलं मशिनच्या भाषेत उतरवणारा कंपायलरही नवा आला, त्यातली वेग वाढवायची सोय चालू केली आणि हे सुरू झालं. सोय बंद केली की चालतो, पण इतका रेंगाळतो की रांग हलत नाही. कुठं बिघडतंय ते कळावं म्हणून मधे मधे आकडे छापायच्या ओळी घातल्या, तर गडी सुरळीत. ओळी काढल्या की पुन्हा आडवा. अशा वेळी तू नेमकी कुठं असतेस गं?

आज सकाळी केंद्रावरच्या बबनमामांना विचारलं, “मामा, कॅन ओतला का?”

“झालं की ताई! तुमी घ्या पुढचं.”

बघते तर झाकणसुद्धा निघालेलं नाही. आपल्याकडं सगळेच असे, चपला घालायच्या आधी “आलोच” म्हणणारे. मी हसले आणि हसता हसता वाटलं, प्रोग्रॅमही असंच आधी ‘झालं’ म्हणत नसेल ना?

तुझ्या प्रोग्रॅमचे दोन भाग एकाच वेळी चालतात. एक काट्यावरचं वजन भरून ‘झालं’ अशी खूण करतो, दुसरा ती खूण बघून पावती छापतो. कंपायलरला या दोन ओळींचा एकमेकींशी संबंधच दिसला नाही. वेगाच्या नादात त्यानं खूण आधी केली, वजन मागून भरलं. दुसरा भाग नेमका मधे आला की रिकाम्या जागेत हात घालायचा आणि सगळं बंद पडायचं. कंपायलरनं बनवलेल्या सूचना उघडून वाचल्या. अगदी तसंच होतं. मधे छापायची ओळ असली की त्याला क्रम हलवता येत नव्हता, म्हणून तेवढ्यापुरता चालायचा.

हा क्रम मोडू नको असं त्याला बजावणारा एक शब्द असतो, व्होलाटाइल. तो तू लिहिलाच नव्हतास. जुन्या कंपायलरनं कधी दगा दिला नाही, म्हणून गरज वाटली नाही का? की आजारपणात राहून गेला? दवाखान्यात मला म्हणालीस, “बरी झालेच मी.” मी तेही खरं मानलं, अक्का. लासुर्ण्याला घरी निघून आले.

वजन आणि खूण, दोन्ही जागी तो शब्द घातलाय. अजून तरी पडलेला नाही, पण माझा धीर होत नाही.

उद्या पहिल्या कॅनपासून मी काट्यापाशी उभी राहीन. साहेबांनी विचारलं तर खरं सांगेन, की एक शब्द अक्काचा राहिला होता. आणि बाकीचा सगळा प्रोग्रॅमही अक्काचाच आहे.

तुझी धाकटी,
सुमन