शर्वरीची करंगळी

आई,

तुमचा फोन घरीच राहिलाय, म्हणून त्याच्याखाली चिठ्ठी ठेवतेय. शर्वरीला घेऊन सयाजीगंजला आपल्या डॉक्टरांकडे निघालेय. हेही रिफायनरीतून परस्पर तिकडेच येतायत.

खाली मुलींबरोबर गरब्याच्या दोन फेऱ्या घेतल्या आणि तिथेच उकिडवी बसली. दम लागला की बसते तशी, पण आज उठेचना. नखं निळी पडलीत का बघायला हात धरला, तर सगळी लालभडक. ओठांवरही तुमची लिपस्टिक. काय बघू आणि कशावरून ओळखू, मला काही सुचेना.

मुली निळ्या नखांवरून चिडवतात, म्हणून आजीने नेलपॉलिश लावलं, असं तिने आत्ता घरी रिक्षाची वाट बघताना सांगितलं. हे तिने मला आधी का नाही सांगितलं, तेच डोक्यात घोळतंय. हृदयाला भोक घेऊन जन्मली तेव्हापासून मी आधी तिची नखं बघते आणि मग चेहरा. तिला कळत असणार.

बोटाला ऑक्सिजन मोजायचं मशीन लावायला एक तरी नख कोरं हवं, म्हणून करंगळी पुसली. तर केवढी रडली. रडू नकोस, आणखी निळी होशील, असं मीच बोलून गेले.

कुकर झालाय, दोन घास खाऊन निघा. शेजारच्या जयाबेन रिक्षात बसवून देतील. येताना ती लाल बाटली आठवणीने आणा. तपासून झालं की करंगळी आजी पुन्हा रंगवेल, असं तिला कबूल केलंय.

सुनेत्रा